पंखा बंद करून घेतलेलं वजन

माझी आई वजनकाटे तपासायची. किराणा दुकानांतले, दवाखान्यांतले, टपाल कचेरीतले, औषधं तयार करणाऱ्यांचे. काटा कार्यशाळेत आला की ती त्यावर प्रमाण वजनं ठेवून बघायची आणि बरोबर निघाला तर त्याच्या बुडाशी शिशाच्या टिकलीवर आपला शिक्का दाबायची. शिक्क्यावर नाव नसायचं, क्रमांक असायचा. एकोणतीस वर्षं आई सतरा नंबर होती. कुठल्याही दुकानात शिरली की माल बघायच्या आधी ती वाकून काट्याचं बूड बघायची. दुकानदाराला वाटायचं, बाईंचं काहीतरी खाली पडलं.

कार्यशाळा सकाळी सातला उघडायची, कारण रस्त्यावर जड गाड्या सुरू झाल्या की बारीक काटे थरथरतात. वजन करताना पंखा बंद ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. वाऱ्याने पारडं हलतं. उन्हाळ्यात सगळे घामाने निथळत उभे राहायचे आणि आकडा लिहून झाला की कुणीतरी पळत जाऊन पंखा लावायचं. दुसरा नियम कोपऱ्यांचा. पारड्याच्या मध्यभागी काटा बहुतेक वेळा खरंच सांगतो. वजन चारही कोपऱ्यांत सरकवून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तिथल्या प्रमुखांना सगळे पाठीमागे मिलिग्रॅम म्हणायचे. चहात साखर घालतानासुद्धा ते चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचे. नाजूक ताजव्याजवळ ऊबदार हात नेला तर आतली हवा हलते आणि आकडा सरकतो. त्यामुळे आईचे हात बारा महिने गार पडायला लागले तेव्हा मिलिग्रॅम तिला म्हणाले, "बाई, तुमचे हात म्हणजे या कामासाठी देवानेच दिलेत."

"देवाने नाही साहेब, थायरॉइडने," आई म्हणाली.

एक्कावन्नाव्या वर्षी तिचं थायरॉइड कमी निघालं. गोळी सुरू झाली. गोळी सुरू झाली म्हणजे प्रश्न मिटला असं आम्ही धरून चाललो. तो मिटला नाही. भर उन्हाळ्यात ती मोजे घालून झोपायची. आवाज घोगरा झाला, इतका की फोनवर माझ्या मैत्रिणी तिला काका म्हणायच्या. सकाळी तोंड सुजलेलं असायचं, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत गेली. पायऱ्या चढताना मधल्या वळणावर थांबून ती भिंतीवरचा मीटर बघायची, जणू तोच बघायला आली होती. आणि थकवा. "थकले गं," हे तिचं त्या सहा वर्षांतलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असेल. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. "ते गं ते, तुझं ते," म्हणत ती हवेत बोटं फिरवायची आणि मी तिच्या तोंडात शब्द कोंबायचे, बहुतेक वेळा चुकीचा.

मावशी, म्हणजे तिची धाकटी बहीण, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तिलाही तीच गोळी आहे. "ताई, मीसुद्धा तेच औषध घेते. मी बघ कशी टुणटुणीत आहे. तू मनावर घेतेस."

"तू काहीच मनावर घेत नाहीस, म्हणून टुणटुणीत आहेस," आई म्हणायची.

दर वर्षी एकदा रक्त तपासायचं. दर वर्षी रिपोर्ट नॉर्मल यायचा, नुसता नॉर्मल नाही, तर जिथे असावा तिथे अगदी मधोमध. डॉक्टर तरुण होते, आईला काकू म्हणायचे. कागद तिच्याकडे वळवून दाखवायचे. "काकू, आकडा बघा. याहून चांगला माझासुद्धा येणार नाही." आई बघायची. आकड्याशी वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. आयुष्यभर तिने दुकानदारांना हेच सांगितलं होतं, आकडा दिसतो तो आहे, तुम्हाला काय वाटतं याला अर्थ नाही.

आणि मी. मी दुसऱ्या टोकाला राहते, एका ग्रंथालयात काम करते. माझ्याकडे प्रत्येक दुखण्यावर पुस्तक असतं. ती थकले म्हणाली की मी म्हणायचे, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग थोडं बाहेर पड, माणसांत मिसळ." नियमित चालण्याचे फायदे सांगणारं एक जाड पुस्तक मी तिला नेऊन दिलं. पुढच्या शनिवारी ते जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होतं. "फार उपयोगी पुस्तक आहे," ती म्हणाली. "टेबल आता अजिबात डगमगत नाही."

मला राग आला होता. ती प्रयत्नच करत नाही, असं मला वाटलं होतं. हे इथे लिहून ठेवते.

मग त्या बाळाच्या काट्याचं झालं.

एका प्रसूतिगृहातला, तान्ह्या बाळांना वजनासाठी निजवतात तो काटा. आईने तो तपासून शिक्का मारला होता. महिन्याभराने तिथून तक्रार आली. बाळाचं डोकं डावीकडे केलं की वजन साठ ग्रॅमनी कमी भरत होतं. परिचारिका कधी बाळाला असं निजवायच्या, कधी तसं. तीन आठवड्यांच्या एका मुलीचं वजन वाढायचं सोडून घटतंय असं कागदावर दिसत होतं. तिच्या आईचं दूध पुरत नाही असं ठरवून बाहेरचं दूध सुरू केलं गेलं. बाळ ठणठणीत होतं. पण ती पोर, बाळाची आई, दहा दिवस रडत होती.

कार्यशाळेने काटा परत आणला. डावा मागचा कोपरा बाद होता, वापराने नव्हे, मुळापासूनच. आईच्या नोंदवहीत त्या कोपऱ्यासमोर आकडा होता, आणि तो बरोबर होता.

मिलिग्रॅमनी तिला खोलीत बोलावलं. त्या दिवशी काय बोलणं झालं ते आईने मला शब्दन् शब्द सांगितलं, एकेका वाक्यानंतर थांबत.

"बाई, या कोपऱ्यात वजन ठेवलं असतं तर हा आकडा येणं शक्य नाही."

"नाही."

"मग ठेवलं नव्हतं?"

"आठवत नाही, साहेब."

"आठवत नाही म्हणजे? न ठेवता आकडा लिहिलात?"

"पहिल्याच कोपऱ्यात दोनदा ठेवलं असेल. नाहीतर ठेवलंच नसेल. मला खरंच आठवत नाही. मला बरं नसतं."

मिलिग्रॅम वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, चौकशी दोन महिने चालेल, तोवर डॉक्टरांचा कागद आणा. आजारपण असेल तर तसं लिहू, तुम्ही बऱ्या व्हा, परत टेबलावर या. नसेल तर निष्काळजीपणा लिहावा लागेल आणि शिक्का काढून घ्यावा लागेल. निवृत्तीला तिची तीन वर्षं उरली होती. तिला नोकरी जायची भीती नव्हती, दुसऱ्या कामावर बसवलं असतंच. तिला तो शब्द नको होता. "आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं," ती मला म्हणाली. "निष्काळजी नको गं."

वार्षिक रक्ततपासणी जवळ आलीच होती. दोन महिन्यांनी आम्ही तिचं रक्त दिलं. मी मुद्दाम रजा काढून गेले. रिपोर्ट घेताना आयुष्यात पहिल्यांदाच मी मनाशी म्हटलं, वाईट येऊ दे. आकडा आला दोन पूर्णांक एक. थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो, चाराच्या आसपासपर्यंत चालतो. म्हणजे पुन्हा मधोमध.

"काकू, अभिनंदन," डॉक्टर म्हणाले.

"मला पायऱ्या चढवत नाहीत हो," ती म्हणाली. "मी कोपरा विसरले."

"वय होतं, ताण असतो. पण त्याचा थायरॉइडशी संबंध लावता येणार नाही. मी खोटं कसं लिहू?"

"नका लिहू," आई लगेच म्हणाली.

त्यांनी लिहिलं, आजार औषधाने पूर्ण नियंत्रणात. तो कागद आईने स्वतःच्या हाताने मिलिग्रॅमना नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी सतरा नंबरचा शिक्का त्यांच्या कपाटात गेला आणि आई पुढच्या खोलीत, आलेले काटे वहीत उतरवायच्या टेबलावर. मी विचारलं, शिक्का मागताना ते काय म्हणाले? "काही नाही. हात पुढे केला. त्यांचा हात गरम होता."

मी त्या आठवड्यात तिच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभी होती. दुधाच्या चहाचा कप भरलेला, शेजारी एक छोटी वाटी, वाटीत पाच गोळ्या. थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची, पित्ताची आणि एक कसलीतरी. तिने वाटी तोंडात उपडी केली आणि वर चहाचा घोट घेतला.

"हे काय?" मी म्हणाले. "ती थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची असते ना, नुसत्या पाण्याबरोबर? महिनाभर तूच फोनवर सांगत होतीस, पाचला उठून घेते, तासभर चहासुद्धा घेत नाही. कॅल्शियम झोपताना घेत होतीस."

"ते तपासणीसाठी. झाली ना आता तपासणी."

मला कळलं नाही. मी खुर्ची ओढून बसले. ती मला समजावू लागली, नवीन आलेल्या माणसाला समजावावं तसं. तपासायच्या आधी काटा पुसायचा, सपाट मांडायचा, अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्यायचा. पंखा बंद करायचा. म्हणजे आकडा स्वच्छ येतो. रक्ताचंही तसंच. कॅल्शियम, चहा, लोह यांनी आकडा हलतो, डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंच आहे. म्हणून ती दर वर्षी तपासणीच्या दोन महिने आधीपासून सगळं काटेकोर पाळायची. आकडा लिहून झाला की पंखा लावायचा.

"सहा वर्षं?" मी विचारलं.

"मग? तपासणीला अस्ताव्यस्त कोण जातं?"

"आणि बाकीचे दहा महिने?"

"बाकीचे दहा महिने मला पाचला उठवतं का गं?" ती चिडून म्हणाली. "सहाला उठते तीच कशीबशी. सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही."

मग तिने रिकाम्या वाटीकडे बघितलं. माझ्यापेक्षा तिला आधी कळलं. कप खाली ठेवताना तो बशीवर नीट बसला नाही, तिने तो दोनदा उचलून ठेवला.

"दुकानदार करतात तसं केलं मी," ती म्हणाली. "तपासणी जवळ आली की काटा दुरुस्त करून ठेवायचा. वर्षभर गिऱ्हाइकाला कसाही. किती जणांना झापलंय मी यावरून."

"तू फसवायला नव्हतं केलंस."

"काट्याला काय फरक पडतो?"

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं. मग म्हणाले, गोळीबरोबर कॅल्शियम, लोह आणि चहा गेला तर औषध पोटातून अंगात जातच नाही, निदान पुरेसं जात नाही. तुम्ही वर्षातले दोन महिने उपचार घेत होतात, काकू. आणि मी बरोबर त्याच दोन महिन्यांचा आकडा बघत होतो. त्यांनी स्वतःलाही दोष दिला, हे सांगायला हवं. कशी घेता, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आजपासून बारा महिने तसंच घ्या, ते म्हणाले. हळूहळू फरक पडेल.

आईने विचारलं, "आणि अशीच घेत राहिले, वाटीतून, तर दोन महिन्यांनी आकडा काय येईल?"

"असं कुणी करतं का?"

"आता शिक्का गेलाय तो मधोमध आलेल्या आकड्यावर. मी वर्षभर कशी होते ते कुठेच लिहिलेलं नाही. जसा काटा दुकानात असतो तसा तपासायला नको का?"

"काकू, तुमच्या अंगाचा प्रश्न आहे. मी परवानगी देणार नाही."

तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मीही तिला बजावलं आणि घरी परतले. पुढच्या शनिवारी गेले तेव्हा ती छोटी वाटी धुऊन पालथी घातलेली होती, सकाळीच वापरलेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मी ती पाहिली. मी पाहते आहे हे आईने पाहिलं. मी तिला अडवलं नाही. मला तिच्या हातात तो कागद हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलासुद्धा तो बघायचा होता. सहा वर्षं मी जे म्हणत होते ते किती चुकीचं होतं, हे मला आकड्यात हवं होतं.

ते दोन महिने वाईट गेले. ती पुढच्या खोलीत काटे वहीत उतरवायची आणि नंबर लिहिताना अंक उलटसुलट व्हायचे. मावशी वर येऊन तिचे केस विंचरायची, कंगवाभर केस निघायचे. एकदा मावशी जिन्यातच मला म्हणाली, "मी तिला मनावर घेतेस म्हणायचे. किती वर्षं म्हणत होते गं मी?" आईच्या घरात तिने नेहमीचा सूर लावला. "ताई, तुझ्या वजनाला आता तुझाच काटा पुरायचा नाही."

"आण मोठा," आई म्हणाली. "चारही कोपऱ्यांत बसून दाखवते."

आकडा आला अठ्ठावीस. डॉक्टर रागावले, मग त्यांनी सविस्तर पत्र लिहून दिलं. या अवस्थेत रुग्णाला विस्मरण होणं, एकाग्रता न राहणं, हालचाल मंदावणं अपेक्षित आहे. वर्षातले बहुतेक महिने अशीच अवस्था असावी. आईने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्याच सकाळपासून ती पाचला उठून नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यायला लागली होती.

मिलिग्रॅमकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांच्या खोलीत कुठेही कागद सैल ठेवलेला नव्हता, प्रत्येकावर एकेक बाद झालेलं जुनं वजन. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"बाई, हे आधी आणलं असतंत तर." ते उठले, कपाट उघडलं, शिक्का काढून टेबलावर ठेवला. "निष्काळजीपणा मी खोडतो. आजारपण लिहितो. तब्येत सुधारली की परत टेबलावर. झालं?"

मला वाटलं, झालं. एवढ्यासाठीच ती दोन महिने स्वतःला झिजवत बसली होती. पण आईने शिक्क्याला हात लावला नाही.

"साहेब, मागे पाच किलोचं प्रमाण वजन घासलेलं निघालं होतं. तेव्हा काय केलं होतं आपण?"

मिलिग्रॅमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाई, ते वेगळं."

"सांगा ना."

"त्याची शेवटची चांगली तपासणी कधी झाली ते बघितलं. तिथपासून त्या वजनावर पारखलेले सगळे काटे परत बोलावले."

"मग?"

"मग काय मग? ते लोखंड होतं. तुम्ही माणूस आहात."

"काट्याखाली सतरा नंबर आहे. तो लोखंडाचा आहे की माणसाचा, गिऱ्हाइकाला काय कळतं?" ती हळूहळू बोलत होती, पण त्या दिवशी एकही शब्द शोधावा लागला नाही. "या पत्रात लिहिलंय मी वर्षातले दहा महिने धड नव्हते. ते खरं आहे. मग त्या दहा महिन्यांत मारलेले शिक्के खरे कसे? एक कोपरा विसरले ते तक्रार आली म्हणून कळलं. बाकीच्यांची तक्रार कोण करणार? बाळं बोलत नाहीत."

"आई, पुरे," मी म्हणाले. मी खरंच म्हणाले.

"तीनशे बारा काटे आहेत," तिने पर्समधून दुसरा कागद काढला. "शिक्का वर्षभरच चालतो, म्हणून मागच्या एकाच वर्षाचे घेतले. दुकानं, दवाखाने, सगळं उतरवून आणलंय. फेरतपासणी करा. ती होईपर्यंत शिक्का राहू दे कपाटात."

"एवढ्याची फेरतपासणी म्हणजे, बाई, लोक म्हणतील सतरा नंबर सगळाच वाया होता. मी तुम्हाला त्या शब्दातून सोडवतोय आणि तुम्ही..."

"निष्काळजीपणा खोडलात ना? मग आता मी निष्काळजी कशी होऊ?"

मिलिग्रॅमनी शिक्का उचलला. कपाट लावताना त्यांना किल्ली सापडेना, ती त्यांच्या हातातच होती.

फेरतपासणी सुरू झाली. आठवड्याला वीस-बावीस काटे यायचे. आई पुढच्या खोलीत ते वहीत उतरवून घ्यायची आणि आतल्या टेबलावर पाठवायची. स्वतःच्या शिक्क्याचे. निकाल तिला दिसायचा नाही आणि तिने विचारायचा नाही, असं तिनेच ठरवलं होतं. औषध हळूहळू लागू पडत होतं. अडीच महिन्यांनी एकदा तिने मला फोन केला आणि आवाज ऐकून मी क्षणभर ओळखलं नाही, तो तिचा जुना आवाज होता. "मधल्या वळणावर थांबले नाही आज," ती म्हणाली. "मीटर बघायचा राहिला."

त्यानंतर अकरा दिवसांनी, बुधवारी सकाळी, ती पुढच्या खोलीतल्या टेबलावर काट्याचा नंबर लिहीत असताना गेली. हृदय बंद पडलं. मी डॉक्टरांना विचारलं, त्या दोन महिन्यांमुळे? ते म्हणाले, असं सरळ जोडता येत नाही. सहा वर्षांमुळे? तेही सरळ जोडता येत नाही, म्हणाले. त्यांनी माझ्याकडे न बघता ते सांगितलं. मला वाटतं ते खरंच बोलत होते.

काल मिलिग्रॅमनी मला कार्यशाळेत बोलावलं. तीनशे बाराव्या काट्याची तपासणी आटोपली होती. तिसेक काटे वापराने थोडेफार सरकले होते, ते कुणाचेही सरकतात. कोपरा बाद असलेला एकही निघाला नाही.

"एकही नाही," ते पुन्हा म्हणाले. "घरी सांगा सगळ्यांना."

घरी मावशीच आहे. मी मान हलवली. मग त्यांनी आईच्या नोंदवह्या माझ्यासमोर ठेवल्या. प्रत्येक काट्यापुढे तपासणी सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची पद्धत आहे, ती कुणी कधी बघत नाही. त्यांनी बघितली होती. सगळ्यांना एका काट्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आईलाही पूर्वी तेवढीच लागायची. त्या दहा महिन्यांत पन्नास, पंचावन्न.

"आधी मला वाटलं, हात मंदावले म्हणून," मिलिग्रॅम म्हणाले. "मग ही पानं बघितली. बाजूला पेन्सिलीने बारीक खुणा आहेत. चार कोपरे, पुन्हा चार कोपरे. बाई प्रत्येक काटा दोनदा तपासत होत्या. स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून. सुट्टीची घंटा झाल्यावरसुद्धा थांबायच्या, आम्हाला वाटायचं रेंगाळतात."

मी पानं उलटत राहिले. प्रत्येक ओळीपुढे आठ खुणा. इतक्या बारीक की चष्म्याशिवाय दिसू नयेत. ती घरी पोचल्यावर मला फोन करायची तो त्यानंतर, आणि म्हणायची थकले गं.

बाळाच्या काट्याची ओळ मी शोधून काढली. त्या ओळीपुढे खुणा नव्हत्या. एकोणीस मिनिटं.

"इथे का नाही?" मी विचारलं.

मिलिग्रॅमनी ओळीवर बोट ठेवलं. त्याच तारखेला त्याच्या आधी सात काटे होते, सगळ्यांपुढे आठ-आठ खुणा. तो आठवा होता.

"दमली असेल," मी म्हणाले.

सहा वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हणत होते. मिलिग्रॅमनी वही बंद केली, मला देऊ का असं विचारलं, आणि मग त्यांनाच आठवलं की नोंदवह्या बाहेर द्यायला परवानगी नाही.